घरातले दोन गोल्फर

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी कोपर दाबलं,
आतल्या बाजूच्या टोकदार हाडाखाली,
आणि मी ओरडायच्या आधीच म्हणाल्या,
गोल्फर्स एल्बो.

निवतीत गोल्फ कुणी पाहिलाय?
आम्ही भाला फेकतो, पुळणीवर,
ओहोटीनं दाबून घट्ट केलेल्या वाळूत.
भाला शाळेचा. मधल्या दोरीत
माझ्याआधीच्या चार मुलींचा घाम.
मार्गशीर्षात अडतीस मीटर गेला होता,
आता तीसला दमतो,
आणि सुटताना हातात खिळा ठोकून जातो.

बाईंनी निळी गुंडाळी काढली.
कापताना पट्टीचे कोपरे गोल केले.
टोक राहिलं की बाहीला अडकतं,
तिथूनच सगळं सुटायला लागतं.
मग हात सरळ, तळवा वर, मनगट मागे.
ताणायची ती कातडी. पट्टी नुसती ठेवायची,
पहिली दोन बोटं, शेवटची दोन बोटं.
हाडाशी आडवी दुसरी, तिला मात्र मधे थोडा ताण.
थोडा म्हणजे?
जाळ्यातून कोळंबी सोडवताना लावतेस तेवढा, त्या म्हणाल्या.
माझ्या बोटांवरचे चिरे
त्यांनी केव्हा वाचले, कळलं नाही.
शेवटी तळव्यानं घासलं. ऊब मिळाली
की गोंद जागा होतो.

कोपर वाकवलं तर पट्टीवर वळ्या उठल्या,
भरती उतरल्यावर वाळूत राहतात तशा.

यानं बरं होईल?
फी घेऊनही त्या खरं बोलल्या.
बरं करील ती विश्रांती, आणि पाण्याची बाटली धरून
रोज सकाळ-संध्याकाळ मनगटाचा व्यायाम.
ही फक्त आठवण देत राहते,
इथे हात आहे, जपून.

बाबा पडवीत उंडीचं तेल चोळत बसलेले.
गोल्फ? ता काय आणि?
काठीनं चेंडू मारायचा, बाबा. बिळात घालायचा.
बिळात? कुर्ल्येच्या?
खूप हसले. मग मी त्यांचं कोपर धरलं,
त्याच हाडाखाली अंगठा दाबला.
तोंडातून हूं की चूं नाही.
पायाची बोटं मात्र आखडली.

तीस वर्षं रापणीचा दोर ओढतात.
दुखता काय?
हात आसा म्हणान दुखता.

तेलावर पट्टी बसेना. साबणानं दोनदा धुतलं,
कांबळ्याच्या दुकानातल्या ब्लेडनं केस काढले,
ते लहान मुलासारखे बघत राहिले.
कोपरे मी गोल कापले.
माझी गुंडाळी अडीच वीत कमी झाली.
रविवारी ओरोसला जिल्ह्याची स्पर्धा होती,
आणि मी मनात हिशेब केला, नाही म्हणत नाही.

पहाटे रापण लागली.
नऊ वाजता आले, पट्टीचं एक टोक लोंबत,
खाऱ्या पाण्यानं कडा पांढरी.
गुण आला का, ते बोलले नाहीत.
चहा पिता पिता एवढंच,
दोर ओढताना कोण तरी कोपर धरून आसा,
असा वाटत होता.

ओरोसला भाला तेहेतीस मीटरवर पडला.
चौथी. तिसरीला पदक,
चौथीला केळं आणि ग्लुकोजची पुडी.
पट्टी सुटली नाही,
घरी येऊनही सुटेना, कातडी ओढू लागली.

तेव्हा बाबांनी उंडीचं तेल आणलं.
चिकटू देत नव्हतं तेच.
थेंब थेंब कडेखाली सोडलं, वाट पाहिली,
मग केसांच्या दिशेनं, हळू,
जाळ्यातला मासा फाटू नये
तशी ती निळी सोडवत आणली.
खाली कातडीवर एक उजळ पट्टा,
उन्हाला न दिसलेला.

गेलो काय गो भालो, त्यांनी विचारलं,
कुर्ल्येच्या बिळात?
नाय, बाबा. भायर पडलो.
ते तेलाचा हात
स्वतःच्या कोपरावर पुसत राहिले.